सहा सिलिंडर आणि दाजींचा कान

दाजी,

परवा पंचगंगेवर तुमचं रक्षाविसर्जन झालं. घाटाच्या पायऱ्या चढून वर येताना निदान चार जणांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच गोष्ट सांगितली, "वस्तादांसारखा कान परत हुणार न्हाय." मी प्रत्येकाला मान डोलावून दाखवली. कान! तुमचा कान तुमच्या आधी बारा वर्षं गेला होता. बाकीचे तुम्ही सावकाश मागून गेलात.

मेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत माणसांशी कसं बोलायचात ते मला माहीत आहे, त्यामुळे आपली फिट्टंफाट समजा.

मी आयटीआयला नापास झालो तेव्हा अक्कानं मला उद्यमनगरातल्या तुमच्या गॅरेजात आणून उभं केलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "या पावणं." बायकोचा भाऊ म्हणून पावणं. पहिल्या दिवशी मला ते मानाचं वाटलं. पुढं तेवीस वर्षं तुम्ही तीच हाक मारलीत. फिटर झालो, हेडफिटर झालो, दोन पोरांचा बाप झालो, तरी पावणंच. पाहुण्यानं चहा प्यावा आणि आपल्या वाटेनं जावं, हे मला रोज त्या हाकेत ऐकू यायचं.

आणि ती तुमची परीक्षा. नवीन आलेल्या प्रत्येकाची तुम्ही घ्यायचात. सहा सिलिंडरचं एखादं इंजिन स्टँडवर चालू करायचं, त्याच्या व्हॉल्व्हवरच्या बारा टॅपेटपैकी एक आधीच गुपचूप ढिला करून ठेवायचा, म्हणजे तो टकटक वाजत राहतो, आणि नवख्याच्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर द्यायचा. टोक इंजिनावर, मूठ कानाला. कुठला वाजतोय सांग. सगळं गॅरेज काम टाकून बघायला जमायचं. माझ्या वेळी तुम्ही मुद्दाम अक्कालाही बोलावलंत, जेवणाचा डबा घेऊन आली होती ती. मी सातवा सांगितला. होता तिसरा. तुम्ही अक्काकडे वळून म्हणालात, "तुज्या भावाला कान न्हाय, नुस्ती भोकं हाईत." सगळे खदाखदा हसले. अक्का पण हसली, आणि मग तिनं पदरानं तोंड झाकलं. मी चाळीस दिवस रॉकेलच्या टबात नटबोल्ट धुतले. हाताची सालं निघाली. त्या चाळीस दिवसांत मी ऐकायला शिकलो, हेही खरं आहे. पण शिकवायची ती रीत नव्हती, दाजी. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना तुम्ही भर मांडवात सांगितलंत, "पोरगी दिलीसा ती दिलीसा, आता ह्येच्या हातात पाना तेवढा दिऊ नगासा." माझा सासरा भला माणूस, त्याला वाटलं ही कोल्हापूरकडची थट्टा असते.

मला तुमची चांगली आठवण लिहायची म्हटलं तर एकच येते. ड्रिल मशिनच्या पट्ट्यात माझं बोट गेलं तो दिवस. तुम्ही अंगातला शर्ट काढून हाताला गुंडाळलात आणि बनियनवर स्कूटर मारत राजारामपुरीतल्या दवाखान्यात आणलंत. वाटेत सगळ्या रिक्षावाल्यांच्या आया-बहिणी काढल्यात. मला आत टेबलावर घेतलं होतं आणि बाहेर तुम्ही डॉक्टरवर ओरडत होता, "बोट वाचवायचं! ह्या बोटावर माझं गॅरेज चालतंय!" तेवढं एकच वाक्य तुम्ही माझ्याबद्दल चांगलं बोललात, तेही मला भूल दिली आहे असं समजून. बोट वाचलं. थंडीत अजून ठणकतं, आणि ठणकलं की तुमची आठवण येते. ती मात्र गोड येते, काय करू?

तुम्हाला ऐकू येत नाही हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवसही पक्का लक्षात आहे. कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह अडकला होता आणि हवा शिट्टी मारल्यासारखी किंचाळत सुटली होती. दोघे फिटर दाराबाहेर पळाले. तुम्ही त्या कॉम्प्रेसरपासून चार हातांवर पाठमोरे बसून प्लग पुसत होता. पुसून झाला, फुंकर मारलीत, दुसरा घेतलात. तीस वर्षं इंजिनाच्या आवाजात काढलेला माणूस, त्यात नवल ते काय? मला आधी वाईट वाटलं. मग, खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या. मी ते कुणाला सांगितलं नाही. फिटर विचारायला लागले तेव्हा म्हणालो, वस्ताद असल्या आवाजाला भीत नाहीत. अक्कालाही बोललो नाही. आपण दाजींची अब्रू झाकतोय असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मी ते जपून ठेवलं होतं, वेळेला उपयोगी पडेल म्हणून.

कमाल म्हणजे त्यानंतरही दोन वर्षं तुमचा एकही निवाडा चुकला नाही. तुम्ही स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचात, मी समोर उभा राहून थ्रॉटल कमी-जास्त करायचो, तुम्ही डोळे किलकिले करायचात आणि म्हणायचात, "मागचं बेअरिंग." उघडलं की मागचंच बेअरिंग. मी डोकं खाजवत बसायचो. हाताला कळत असेल, मुठीतून जाणवत असेल, नाहीतर म्हाताऱ्याचं नशीब, असं काहीबाही.

आणि मग सर्जेराव आला.

हातकणंगल्याचा सर्जेराव, चाळीस म्हशींचा धनी, गळ्यात चेन, आणि हौसेला मोल नाही. त्याच्या आज्याचा अमेरिकन पिकअप गोठ्यात कडब्याखाली पंचवीस वर्षं पडून होता. गोल नाकाचा, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. तुम्ही आणि मी दोघेही तिच्याभोवती फिरत राहिलो, कारण असली गाडी आपण दोघांनीही नुसती चित्रात बघितली होती. मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. सर्जेराव म्हणाला, "वस्ताद, असलं इंजिन घाला की फोंडा घाटात मागनं कुणी हार्न मारता कामा न्हाय."

आठ दिवस आपण दोघं त्यावर बोललो. बोललो म्हणजे भांडलो, पण तेवीस वर्षांतले ते सगळ्यात चांगले आठ दिवस होते. सगळं कोल्हापूर तेव्हा मिळेल त्या गाडीत डिझेल इंजिन कोंबत होतं. ट्रकचं सहा सिलिंडर डिझेल सहज मिळालं असतं. तुम्ही उडवून लावलंत. "एवढं वजन म्होरं टाकलं की नाक जमिनीला टेकतंय. मग पिकअप कशाला म्हणायचं, ऊस वहा म्हणावं." एका दलालानं दोन रांगांचं, आठ सिलिंडरचं इंजिन आणतो म्हणून सांगितलं. त्यावर मी म्हणालो की ह्या नाकात आडवं काही बसायचं नाही, ते नाकच लांब आणि अरुंद आहे, सहा सिलिंडर एका रांगेत बसावेत म्हणूनच केलेलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हो म्हणालात. रांगेतल्या सहांचं तुम्हाला वेड होतं. एकाचा धक्का दुसरा खातो, म्हणून चालत्या इंजिनावर चहाचा कप ठेवायचात आणि गिऱ्हाईकाला दाखवायचात. मग लष्कराच्या लिलावातून मिरजेला आलेली जोंगा जीपची दोन पेट्रोल इंजिनं आपण उचलली. चार लिटरची, सहा सिलिंडरची. दोन्ही स्टँडवर चढवली, वर पेट्रोलची बाटली टांगली, पाण्याला बॅरल लावलं. आता दोनातलं एक निवडायचं.

तुम्ही म्हणाला होता, "ह्ये तू निवड." आठवतंय? सर्जेरावसमोर म्हणाला होता. मी आधी ते नुसतं बोलणं समजून सोडून दिलं, मग घरी गेल्यावर झोप येईना. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही इंजिनांची हेडं खोलून मी मापं घेतली. एक नंबरच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भोकांना, कधी हत्यारच लागलं नव्हतं, मूळ माप तसंच होतं. हेडही एकदाही घासलेलं नव्हतं. म्हणजे बोअर वाढवायला आणि हेड घासून दाब चढवायला त्यात भरपूर लोखंड शिल्लक होतं, आणि जोर काढायचा तर तेच हवं असतं. दोन नंबर आधी दोनदा बोअर केलेलं. चालायला चांगलं, पण त्याच्यातून पुढं काही निघणार नव्हतं. मी सगळं एका फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. दोन्ही इंजिनांचे सहा-सहा सिलिंडर, बाराच्या बारा रकाने. शाळेतही मी एवढं स्वच्छ लिहिलं नव्हतं.

सर्जेराव आला. मी कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही तो बघितलात, चार घड्या घातल्यात आणि त्यानं तेल मोजायची डिपस्टिक पुसलीत.

"कागदावर इंजिन चालत न्हाय, पावणं," म्हणालात. "दुपारी दोन्ही चालू कर. मी ऐकतो आणि सांगतो."

आणि तुम्ही जेवायला घरी गेलात.

दाजी, हे तुम्ही जिवंत असताना मी कधी कबूल केलं नाही, आज करतो. तुम्ही जेवत होता तेव्हा दोन नंबरचं टॅपेट कव्हर मी काढलं. तिसऱ्या टॅपेटचा लॉकनट सोडला, तो दीड फेरा ढिला केला, नट परत हातानंच चढवला आणि कव्हर बसवलं. दोघे फिटर बघत होते. त्यांना वाटलं कुणाची तरी परीक्षा आहे. होतीच.

तुम्ही आलात, पान चघळत. आधी एक नंबर चालू केलं. तुम्ही ऐकलंत. मग दोन नंबर. टक् टक् टक् टक्. दारातल्या माणसालाही ऐकू येत होतं. तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावलात आणि डोळे किलकिले केलेत. मी समोर थ्रॉटल धरून उभा होतो. हसू फुटू नये म्हणून उजवा गाल आतून दातांत धरला होता, आणि वरून तुमच्याकडे बघून हळूच मान हलवली, झक्कास आहे म्हणून. तुम्ही स्क्रूड्रायव्हर खाली घेतलात.

"ह्येच," म्हणालात. "दोन नंबर. धा वर्सांत असलं मुकं इंजिन मी ऐकलं न्हाय."

इंजिन वाजत होतं. मग सर्जेराव हसायला लागला. "वस्ताद, ह्ये मुकं? ह्येच्यात कुणीतरी खलबत्ता कुटालंय की!"

आणि तुम्ही हसलात. सर्जेराव काय बोलला ते तुम्हाला कळलंच नाही, त्याचे दात दिसले म्हणून तुम्ही पण हसलात. छाती पुढं काढून म्हणालात, "मग! म्या काय सांगालोय!"

फिटर पोट धरून हसले. मी पण हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलात, आणि माझ्यापर्यंत येईतो तुमचं हसू उतरलं होतं.

मी इंजिन बंद केलं. तुम्ही काही न विचारता कव्हर खोललंत, एकेक रॉकर बोटानं हलवत गेलात आणि तिसऱ्यावर थांबलात. लॉकनट आपोआप ढिला होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलेलं. नटावर ताज्या पान्याची चमक होती. फिलर गेज न घेता, नुसत्या बोटाच्या अंदाजानं तुम्ही तो टॅपेट बसवलात. नंतर मी गेज घालून बघितला. केसभरही चूक नव्हती. मग तुम्ही हात पुसलेत आणि सर्जेरावला म्हणालात, "एक नंबर घ्या. पावणं म्हणत्यात त्येच."

इंजिन मी बरोबर निवडलं होतं. हे मी आजही तुमच्या तोंडावर सांगेन. बोअर वाढवला, हेड घासलं, दोन कार्बोरेटर चढवले, सायलेन्सरचे पाइप स्वतः वाकवून जोडले. राधानगरी सोडून फोंड्याच्या घाटमाथ्याकडं चढाला लागलो तेव्हा गाडी अशी खेचायला लागली की सर्जेरावनं दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. पुढं आम्ही दोघं होतो. तुम्ही मागच्या हौद्यात फळीवर बसला होता, आपण होऊन. "वाऱ्याला बसतो," म्हणालात. वर आल्यावर उतरलात, केस पिंजारलेले, डोळ्यांत पाणी, आणि बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिलात.

"पावणं," तुम्ही मला विचारलंत, "कसं वाजतंय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारत होता. आणि मी सर्जेरावला डोळा मारून म्हणालो, "तुमीच सांगा की, वस्ताद."

ते तुम्हाला बरोबर कळलं. मी तोंड मोठं उघडून बोललो होतो. तुम्ही हात काढून घेतलात आणि खाली कोकणाकडे बघत राहिलात. दाजी, टॅपेटचं मला एक वेळ काही वाटत नाही, ती तुमचीच विद्या तुम्हाला परत केली. पण हे वाक्य गिळता आलं असतं तर मी माझं वाचवलेलं बोट दिलं असतं.

पुढची दहा वर्षं तुम्ही गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलात. स्क्रूड्रायव्हर पुन्हा कधी उचलला नाही. गिऱ्हाईक आलं की अंगठा मागं करून सांगायचात, "पावणं आत हाईत." लोक तुम्हाला नमस्कार करून आत माझ्याकडे यायचे. मला सवय झाली. कधी कधी तुमची खुर्ची वाटेत येते म्हणून मी ती सरकवायलाही सांगायचो, तुम्ही तिच्यात बसलेले असताना. तुम्ही अर्धं उठून सरकायचात. एकदाही विचारलं नाही, लॉकनट कुणी सोडला. मला वाटायचं, विचारायची तुमची छाती होत नाही. त्याचीही मला मजा वाटायची.

परवा नदीवरून आल्यावर सगळी माणसं पांगली आणि अक्कानं मला जेवायला वाढलं. मी घास घेतला तशी म्हणाली, "तुला एक सांगतो. ह्येंना लई वर्सं ऐकू यायचं न्हाय."

"म्हाईत हाय मला."

"मग इंजिनं कशी वळखायचे, त्ये म्हाईत हाय?"

मी घास तसाच धरून बसलो.

"तुज्या तोंडावरनं," अक्का म्हणाली. "मला सांगायचे. पावण्याचा कान माज्यापरास बारीक हाय. इंजिनात कायतर खराब वाजलं की त्येचा उजवा गाल उडतोय, त्येचं त्येलाबी ठावं न्हाय. बेअरिंग असलं की एक तऱ्हा, टॅपेट असला की येगळी. मी कानाला लावतो आणि त्येच्या गालाकडं बघतो, म्हणायचे."

दाजी, तुम्ही हे मला का नाही सांगितलंत? दोन वर्षं माझ्या गालावर गॅरेज चालवलंत, घरी बायकोपाशी माझ्या कानाचं कौतुक केलंत, आणि माझ्यासमोर काय, तर डिपस्टिक पुसलीत. एक शब्द टाकायचा होता. "पावणं, तुला जास्त ऐकू येतंय." एवढंच. मी जन्मभर तुमच्यासमोर थ्रॉटल धरून उभा राहिलो असतो. तेवढ्यासाठी तर मी पहिल्यापासून तिथं उभा होतो. तुम्ही हट्टी होता, खडूस होता, आणि तुमच्या हट्टानं तुम्हाला त्या दुपारी गाल दाबून धरलेल्या माझ्या दातांत आणून दिलं. मला तुमचा इतका राग येतोय की तुम्ही असतात तर आज मी तुमच्याशी भांडलो असतो. आणि तुम्ही नाही म्हणून मला रडू येतंय. परवापासून हे असंच चाललंय, सकाळी राग, दुपारी रडू.

अक्काला एक गोष्ट कधी उमगली नव्हती. तिनं आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "मग त्या पिकअपच्या वक्ताला कसं चुकले रं? तूच हुतास की समोर."

ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे सुजले होते. मला खरं बोलायचं होतं, दाजी, देवाशपथ. पण तोंडातून निघालं, "माजं लक्ष न्हवतं, अक्का. मला बरं वाटत न्हवतं त्या दिवशी."

"व्हय," अक्का म्हणाली. "त्येनीबी मला त्येच सांगितलं. म्हणाले, पोराच्या अंगात ताप हुता, तरी उभा ऱ्हायला. त्येला काय बोलू नगंस."

मग तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला, आणि तो संपेपर्यंत ती समोरून उठली नाही.